उत्तर आयर्लंड: एकाच शाळेत की एकाच तासाला?

उत्तर आयर्लंडमध्ये बहुतेक कॅथलिक मुले कॅथलिक शाळांत आणि प्रोटेस्टंट मुले मुख्यतः सरकारी ‘नियंत्रित’ शाळांत शिकतात. ही दरी कमी करण्याचे तेथे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग एकात्मिक शाळेचा, म्हणजे दोन्ही पंथांची मुले एकत्र शिकतात अशा शाळेचा. 1981 मध्ये पालकांनीच पुढाकार घेऊन बेलफास्टमध्ये 28 विद्यार्थ्यांचे लॅगन कॉलेज (ही माध्यमिक शाळा) सुरू केले, आणि 1989 च्या शिक्षण आदेशाने अशा शाळांना उत्तेजन देणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले. येथे धर्म उंबऱ्याबाहेर ठेवला जात नाही. अनेक एकात्मिक प्राथमिक शाळा कॅथलिक मुलांची प्रथम कम्युनियन या धार्मिक विधीची तयारीही करून घेतात. अस्तित्वातील शाळेचे एकात्मिक शाळेत रूपांतर पालकांच्या मतदानाने सुरू होऊ शकते, परंतु शेवटचा शब्द शिक्षणमंत्र्यांचा असतो. बँगर अकादमी या नियंत्रित माध्यमिक शाळेत मतदान केलेल्या पालकांपैकी सुमारे 80 टक्क्यांनी रूपांतराच्या बाजूने कौल दिला, तरी पुरेशी कॅथलिक मुले येण्याची शक्यता नाही, असे सांगून जानेवारी 2025 मध्ये प्रस्ताव फेटाळण्यात आला.

दुसरा मार्ग सामायिक शिक्षणाचा, ज्याला 2016 च्या कायद्याने आधार दिला. यात शाळा, गणवेश, व्यवस्थापन वेगळेच राहते. मुले काही तासांपुरती एकत्र बसतात. हा मार्ग स्वस्त नसला तरी राजकीयदृष्ट्या सोयीचा आहे, कारण कोणालाच आपली शाळा सोडावी लागत नाही. माझ्या मते नेमकी हीच त्याची मर्यादा आहे: तास संपला की बस मुलांना पुन्हा आपापल्या फाटकाशी नेऊन सोडते. मात्र जिथे वस्तीच एकधर्मीय आहे, तिथे पालकांना बहुधा एवढाच पर्याय उरतो.