क्लाउडकंपेअरचं सीएसएफ प्लगिन: घाटात चालतंय, उसात जपून

विमानातून घेतलेला लायडार डेटा (लेसर मारून मोजलेले पॉइंट, म्हणजेच पॉइंट क्लाउड) हातात आला की पहिलं काम म्हणजे जमीन एकीकडं आणि झाडं, घरं, वायरी दुसरीकडं करायची. फुकटातलं म्हणाल तर ह्या कामाला मी डोळे झाकून क्लाउडकंपेअर ह्या पॉइंट क्लाउडच्या सॉफ्टवेअरचं सीएसएफ (क्लॉथ सिम्युलेशन फिल्टर, म्हणजे कापडाची नक्कल करणारा फिल्टर) प्लगिन सांगतो, बेळगावात सर्वेत असलेल्या पोरांनी महागडं लायसन्स घ्यायच्या आधी हे वापरून बघाच.

आयडिया २०१६ ची, चीनमधल्या संशोधकांची. अख्खा पॉइंट क्लाउड उलटा करायचा, वरून एक आभासी कापड सोडायचं, ते जिथं टेकेल तो जमिनीचा आकार, मग कापडापासून अर्ध्या मीटरच्या आतले पॉइंट ग्राउंड आणि बाकीचे ऑफ-ग्राउंड, दोन वेगळे क्लाउड हातात. हा अर्धा मीटर बदलता येतो.

पण बगा, आपल्या भागात एकच सेटिंग सगळीकडं चालत नाही. चिकोडीकडच्या सपाट रानाला फ्लॅट (ताठ कापडाचं सेटिंग) ठीक, पण तेच कणकुंबी-चोर्ल्याच्या घाटाला लावलं तर ताठ कापड उलट्या झालेल्या डोंगराच्या खड्ड्यात उतरतच नाही आणि डोंगराचा माथाच ऑफ-ग्राउंडमध्ये जातो. तिथं स्टीप स्लोप (मऊ कापडाचं सेटिंग) घ्या आणि स्लोप प्रोसेसिंगची (तीव्र उतारावरची चूक कमी करणारी) टिक मारा. याउलट, कापड फार मऊ आणि त्याची जाळी (क्लॉथ रेझोल्यूशन) फार बारीक ठेवली की साखर कारखान्याचं मोठं शेड जमीन म्हणून येतं, म्हणून सगळ्यात मोठ्या छपराचा अंदाज घेऊनच जाळी ठरवायची. आणि जमिनीच्या खाली पडलेले चुकार पॉइंट आधी काढायचेच, क्लाउड उलटा झाला की तेच सुळके होतात आणि कापड त्यांच्यावर अडकून बसतं.

खानापूरच्या सदाहरित जंगलात जमिनीपर्यंत पोचणारे पॉइंट मुळातच कमी, तरी जिथं पोचलेत तिथं कापड त्यांना धरून पुढं जातं, हे मला फार आवडतं. उभ्या दाट उसात मात्र लेसर खाली गेलाच नाही तर कापड पाल्यावरच थांबणार आणि रान वर उचललेलं दिसणार. तो दोष प्लगिनचा नव्हे, दुसरा कुठला फिल्टर लावला तरी नसलेली जमीन कुठनं आणणार, ऊस तुटल्यावर उडवलेला डेटा मागा.

रिझल्ट वरून बघून पास करू नका, आडवे सेक्शन काढून बघा. टाइल्स (डेटाचे चौकोनी तुकडे) भरपूर असतील तर हाच फिल्टर पीडीएएल ह्या कमांडनं चालणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये पण आहे, तिथं ग्राउंडला थेट क्लास २ (लायडार फाइलमधला जमिनीचा ठरलेला नंबर) लागतो आणि रात्रभर लावून ठेवता येतं.