नाताळच्या टेबलासाठी पितळी पिनहोल्डर: वर्षभर वापरून झाल्यावर

नाताळच्या जेवणाला टेबलाच्या मधोमध ठेवायची सजावट मी घरीच करते. गेल्या नाताळात फ्लोरल फोम कायमचा बंद केला आणि इकेबाना, म्हणजे जपानी पद्धतीची पुष्परचना, करणारे वापरतात तसला पिनहोल्डर घेतला. शिशाची जड बैठक आणि तिच्यावर पितळी पिनांची दाट रांग. सण संपला तरी तो माळ्यावर गेला नाही. घरात फुलं आली की तोच बाहेर निघतो, म्हणून हे मत एका सणापुरतं नाही.

आधी फोमबद्दल. 1954 साली आलेल्या या हिरव्या विटेनं फुलांची मांडणी खूप सोपी केली, हे मान्यच करायला हवं. भिजवा, काडी खोचा, झालं. पण ते फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचं प्लास्टिक आहे. एकदा पडलेलं भोक बुजत नाही, चुरा थेट मोरीत जातो आणि पाण्यात मायक्रोप्लास्टिक होऊन राहतो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2021 पासून आपल्या पुष्पप्रदर्शनांत त्यावर बंदी घातली. चार दिवसांच्या शोभेसाठी असली वस्तू दरवर्षी कचऱ्यात टाकणं मला पटत नव्हतं.

पिनहोल्डरवर हात बसायला मात्र वेळ लागतो. नाताळच्या सजावटीत फुलांपेक्षा फांद्या जास्त, आणि फर या सूचिपर्णी झाडाची लाकडी फांदी पिनांवर नुसती दाबली तर आत शिरतच नाही. ती तिरकी कापायची, बुंध्याला कात्रीनं अधिकचिन्हासारख्या दोन चिरा द्यायच्या, सरळ उभी रोवायची आणि मग बुंध्याशी धरून हव्या त्या बाजूला हलकेच कलती करायची. आधीच तिरकी खुपसली की पिना वाकतात. बारीक देठांचं उलट असतं, ती पिनांच्या मधून निसटतात. चार-पाच देठांना खाली दोरा बांधून जुडी केली की मुकाट्यानं उभी राहतात.

सगळा खेळ वजनाचा आहे. आडव्या पसरलेल्या फांद्या एका बाजूला ओढतात आणि हलका पिनहोल्डर सरळ कलंडतो. माझा साधारण अर्धा किलोचा आहे, उथळ बोलमध्ये घट्ट बसतो. खाली रबराची चकती ठेवते, नाहीतर बोलच्या तळाला चरे पडतात. पिना पितळी असल्यामुळे अजून गंज नाही. शिसं असल्यानं हाताळल्यावर हात धुते, आणि खाण्याच्या भांड्यात तो कधीच ठेवत नाही.

फांद्या निवडताना स्प्रूस या दुसऱ्या सूचिपर्णी झाडापेक्षा फर घ्या. उबदार खोलीत स्प्रूसच्या सुया लवकर गळतात आणि जेवणाच्या ताटात सुया कुणालाच नको असतात. पाइन कोन मात्र पाण्यापासून लांबच ठेवा. ओले झाले की त्यांचे खवले मिटतात, सुकल्यावर पुन्हा उघडतात. मी ते तारेत गुंफून पाण्याच्या बऱ्याच वर अडकवते. होली या काटेरी पानांच्या झुडपाच्या लाल फळांनी टेबलाला जी शोभा येते तिला तोड नाही, पण ती विषारी असतात. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर सरळ टाळा.

उणीव आहे ती मेणबत्त्यांची. जाड मेणबत्ती पिनांवर धड बसत नाही, तडकते. हॅम्बुर्गच्या योहान विकर्न यांनी 1839 मध्ये गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावून ॲडव्हेंटचं, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाचं, चक्र केलं, त्यातल्या चार मोठ्या मेणबत्त्या या रविवारांच्या. तशी मांडणी हवी असेल तर मेणबत्त्यांना वेगळे स्टँड लागतीलच. मी त्या बोलच्या बाहेर लावते, वात 6 मिलिमीटरवर कापून आणि फांद्यांपासून चांगल्या लांब, कारण सुकलेली फर क्षणात पेट घेते. फांद्यांच्या आत उजेड हवा असेल तर बॅटरीचे दिवे.

आणखी एक, उंची 30 सेंटिमीटरच्या आत ठेवा. समोरच्याचा चेहरा दिसला नाही तर गप्पा रंगत नाहीत.

घ्यायचा असेल तर हातात घेऊनच घ्या. आकाराच्या मानानं जड लागला पाहिजे, पिना दाट आणि बोटानं ढकलून न हलणाऱ्या. लांब टेबलाला एक मोठा घेण्यापेक्षा दोन मध्यम बरे पडतात. या नाताळासाठी मी दुसरा घेतलाय.