लो सोडियम मीठ: बीपीवाल्या घरात वापरून बघितलं, कसं वाटलं

आमच्या सासऱ्यांना बीपी निघाल्यापासून घरात वाद होतो तो फक्त मिठावरून. गोळी वेळेवर घेतात, सकाळी फिरायला पण जातात, पण अळणी आमटी समोर आली की दोन घास खाऊन उठतात, मग चार वाजता फरसाणचा डबा उघडतात, म्हणजे वाचवलेलं मीठ परत पोटात. म्हणून हे मीठ आणलं.

यात सोडियम क्लोराईडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. कुठल्या पाकिटात 15 टक्के सोडियम कमी, कुठल्यात 30 टक्के, ते वाचूनच घ्या, आयोडीन आहे का तेपण बघा. चवीचं म्हणाल तर आमटी, उसळ, रस्सा यात अजिबात फरक कळत नाही, ताकात आणि कोशिंबिरीत मात्र मागून किंचित कडवट लागतं, तिथे जिरेपूड नाहीतर लिंबू वाढवायचं. बाबा आता पूर्ण जेवतात, मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. साध्या मिठापेक्षा महाग आहे पण महिनाभरात लागतं किती!

याचा उपयोग खरंच होतो का, तर चीनमध्ये 600 खेड्यांत जवळपास 21 हजार लोकांवर मोठा अभ्यास झाला, पूर्वी पक्षाघात झालेले किंवा साठीपुढचे बीपीवाले लोक, निम्म्या खेड्यांत 75 टक्के सोडियम क्लोराईड आणि 25 टक्के पोटॅशियम क्लोराईडवालं मीठ दिलं, 2021 मध्ये निकाल आला आणि साधं मीठ खाणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचं प्रमाण 14 टक्क्यांनी कमी निघालं. सैंधव चालतं ना असं मला खूप जण विचारतात, पण सैंधवात सोडियम जवळपास साध्या मिठाइतकंच असतं हो, बीपीसाठी त्याचा काही फायदा नाही.

आता कळकळीने सांगते, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे सुरू करू नका. किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन असल्या गोळ्या चालू असतील तर रक्तात पोटॅशियम वाढू शकतं आणि ते थेट हृदयावर येतं. बाबांची टेल्मिसार्टन चालू आहे म्हणून डॉक्टरांनी आधी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासायला लावलं, रिपोर्ट बघून मगच हो म्हणाले, आणि अधूनमधून परत तपासायला सांगितलंय.

आणि कमी सोडियमचं आहे म्हणून जास्त घालायचं नाही. दिवसाला एकूण मीठ 5 ग्रॅमच्या आत म्हणजे एक छोटा चमचा, त्यात पापड, लोणचं, ब्रेड, बिस्किटं सगळं आलं. पापड-लोणचं आम्ही रोजच्या पानातून काढलंच.

आत्याबाईंना किडनीचा त्रास आहे, त्या राहायला येतात तेव्हा त्यांची भाजी साध्या मिठात वेगळी, तीही डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच घालून. दोन्ही डबे सारखे दिसतात म्हणून चिठ्ठी चिकटवून नावं लिहून ठेवलीत, तुमच्याकडे असं कोणी असेल तर हे पहिल्या दिवशीच करा.