एकच कथा, दोन नाताळ: ‘हेल्स हीरोज’ आणि ‘थ्री गॉडफादर्स’

पीटर काइन यांच्या एकाच कथेवर विल्यम वायलर यांनी १९२९ मध्ये ‘हेल्स हीरोज’, तर जॉन फोर्ड यांनी १९४८ मध्ये ‘थ्री गॉडफादर्स’ हा चित्रपट काढला. दोन्हींत तीन दरोडेखोर वाळवंटात मरणासन्न मातेचे तान्हे बाळ स्वीकारतात. फोर्ड यांचा टेक्निकलर (रंगीत) चित्रपट देखणा आहे, गाण्यांनी आणि विनोदाने उबदारही आहे, पण जॉन वेन यांचा नायक अखेर सौम्य शिक्षेवर निभावतो. वायलर यांच्या कृष्णधवल चित्रपटात मात्र चार्ल्स बिकफर्ड यांचा नायक पुढे चालण्याचे बळ मिळावे म्हणून विषारी पाणी जाणूनबुजून पितो, मरणापूर्वीच्या थोड्या अवधीत बाळाला गावात नेतो आणि नाताळची प्रार्थना चालू असलेल्या चर्चमध्येच कोसळतो. सहकुटुंब पाहण्यास फोर्ड उत्तम. तथापि त्यागाची खरी किंमत वायलरच दाखवतात, म्हणून माझी पसंती निःसंशय त्यांनाच.