मालागा: अल्काझाबाला अख्खी सकाळ द्या

स्पेनमधल्या मालागात दोनच दिवस होतो, त्यातली एक सकाळ अल्काझाबातच गेली आणि तिचं सोनं झालं. अकराव्या शतकातली ही मुस्लिम राजवटीची गढी. वळणावळणाचे दरवाजे, अंगणात संत्र्याची झाडं, बारीक पाटातून वाहणारं पाणी! आई तिथून उठायलाच तयार नव्हती. पायथ्याचं रोमन नाट्यगृह १९५१ साली सापडलं. ते फुकट बघता येतं.

खिब्राल्फारो किल्ल्याचा चढ दमवतो, गुडघे दुखत असतील तर बसनेच जा. वरून बंदर दिसतं, कॅथेड्रलही. त्याचा दुसरा मनोरा अपुराच राहिला, म्हणून लोक त्याला ‘ला मान्कीता’, एका हाताची बाई, म्हणतात.

संध्याकाळी किनाऱ्यावर, वाळू भरलेल्या होडीत निखाऱ्यांवर सळईला टोचून भाजलेली तारली जरूर खा.