टेकडीवरचं परकं तण आणि आयनॅचरलिस्ट ॲप: पावसाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव

आयनॅचरलिस्ट म्हणजे झाडं-प्राण्यांचे फोटो टाकून नोंदी करायचं ॲप. जूनपासून वापरतेय, पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सकाळी चालायला जाते त्यामुळे अनुभव बहुतेक तिथलाच. ॲप फ्री आहे, जाहिराती नाहीत. फोटो टाकला की ॲप नाव सुचवतं, मग जाणकार मंडळी येऊन ते बरोबर का चूक सांगतात, दोन तृतीयांशपेक्षा जास्त लोकांचं प्रजातीवर एकमत झालं की नोंद रिसर्च ग्रेड (संशोधनाला वापरण्याजोगी) होते आणि लायसन्स खुलं ठेवलं असेल तर जीबीआयएफ या जागतिक डेटाबेसमध्ये जाते. आपला फोटो खरंच संशोधकांपर्यंत पोचतो, मला हेच सगळ्यात भारी वाटतं!

परक्या तणांपैकी घाणेरी आणि गाजर गवत सगळ्यांनाच माहितीये. पण हिप्टिस (काही जण रानतुळस म्हणतात) बघा, बारीक जांभळट फुलं, पान चुरगळलं की उग्र वास, अशी रानं माजलीत आणि लोक शेजारून निघून जातात. पिवळ्या-केशरी फुलांच्या कॉसमॉसमध्ये तर उभं राहून फोटो काढतात, तो मूळचा मेक्सिकोकडचा, बागेतून सुटलेला. आपल्या सोनकीशी गल्लत करू नका, सोनकीचं पान अखंड आणि कडेला दातेरी असतं, कॉसमॉसचं पार चिरलेलं. म्हणून नुसत्या फुलाचा फोटो टाकू नका, पान, खोड, अख्खं रोप असे तीनचार एकाच नोंदीत टाका, ओळख पटापट होते.

गिरीपुष्पाचं (ग्लिरिसिडिया, हेही परकं झाड) जरा नीट समजून घ्या. टेकडीवरची मोठी झाडं लावलेली आहेत, त्यामुळे ती 'लागवडीची' अशी खूण करून टाकायची, पण त्यांच्याखाली आपोआप उगवलेली रोपं जंगली धरतात, आणि ते कुठवर सरकलंय हे कळायला तीच नोंद लागते.

माझं ठाम मत असं की माजलेल्या पट्ट्याच्या ढीगभर फोटोंपेक्षा अजून तण न पोचलेल्या चांगल्या कातळावर दिसलेलं पहिलं एकटं रोप जास्त मोलाचं. गाजर गवत १९५०च्या दशकात पुण्यात लक्षात आलं तेव्हा उकिरड्यांवर तुरळकच होतं हो! आज देशभर झालंय. असं एकटं रोप दिसलं तर लोकेशन अचूक येऊ द्या (जीपीएस स्थिर होईपर्यंत थांबा), आणि वनरक्षक किंवा टेकडीवर काम करणाऱ्या ग्रुपला पण कळवा, नुसतं ॲपवर टाकून कोणी उपटायला येत नाही. स्वतः उपटत सुटू नका, जागा वनखात्याची असते आणि गाजर गवताने अंगाला ॲलर्जी होते ती वेगळीच.

गवतांच्या नोंदी मात्र बरेच दिवस ओळखीविना पडून राहतात, ओळखणारेच कमी. तरी टाकत राहा.

आणि हो, कॉसमॉसचं बी कपड्यांना चिकटतं, सध्या सगळं वाळलंय, त्यामुळे उतरताना पँट आणि बूट तिथेच झटका, गाडीत बसल्यावर नको.