बेल्ट ग्राइंडरला दीड एचपीची थ्री-फेज मोटर आणि ड्राइव्ह: दिवाळी ते पावसाळा वापरल्यावर

आमचं वर्कशॉप लकडगंजच्या बाजूला. फर्निचरवाल्यांची रंध्याची पाती, पटाश्या, कधी केटरिंगवाल्यांच्या सुऱ्या असा माल धारेला येतो. त्यासाठी घासकागदाचा पट्टा फिरवणाऱ्या बेल्ट ग्राइंडरचा सांगाडा इथेच वेल्डिंग करून बनवला, प्रश्न होता मोटरचा.

नागपुरात हा प्रश्न कोणालाही विचारा, पहिलं उत्तर ठरलेलं. "काऊन एवढा खर्च करता भाऊ, कूलरची मोटर पडली असन ना घरी!" कूलरची मोटर पंखा फिरवण्यापुरती असते. पट्ट्यावर पातं जरा दाबलं की ती जागेवर थांबते. दुसरा सल्ला जुन्या पिठाच्या गिरणीच्या सिंगल फेज मोटरचा. तो अगदीच वाया जाणारा नाही. अशी १ एचपीची मोटर मी काही दिवस लावून पाहिली. जोर होता. पण तिचा वेग कमी-जास्त करता येत नाही, पंख्याचा रेग्युलेटर तिथे चालत नाही. शिवाय बॉडी जाळीची, उघडी. लोखंडाचा भुगा सरळ आत जाऊन सेंट्रिफ्यूगल स्विचच्या (मोटर वेगात आली की स्टार्टिंगची वाइंडिंग तोडणारा आतला स्विच) पॉइंटवर बसतो. आणि सिंगल फेज मोटर मुळातच थरथरते, बारीक पट्ट्यावर त्या थरथरीच्या लाटा पात्यावर दिसायच्या.

माझ्या मते एचपी शेवटी ठरवावी, आधी पट्ट्याचा वेग. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर चार पोलची (आतले चुंबकी ध्रुव) मोटर लोडवर मिनिटाला साधारण १४४० फेरे देते, दोन पोलची २८८०. पट्टा ओढणारं माझं चाक १२५ मिमीचं. १४४० ला पट्टा सेकंदाला साडेनऊ मीटर धावतो, २८८० ला जवळपास एकोणीस. भरड काम उरकायला एकोणीस छान. पण कार्बन स्टीलच्या पटाशीची धार त्या वेगावर डोळ्यांदेखत बदलते: आधी कडेला गवती पिवळा रंग येतो, मग तपकिरी, आणि तुम्ही हात मागे घेईपर्यंत निळा. निळा म्हणजे तीनशे अंशांच्या आसपास. पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला, ती धार आता लाकडावर टिकत नाही. एचएसएसची (हाय स्पीड स्टील) पाती एवढी नाजूक नसतात, पण गिऱ्हाईक दोन्ही प्रकारचा माल एकाच पिशवीत आणतं. म्हणजे वेग बदलता येणारी मोटर हवी, म्हणजेच थ्री-फेज मोटर आणि विजेचे हर्ट्झ बदलून तिचा वेग बदलणारी व्हीएफडी ड्राइव्ह. दोन्ही मिळून खर्च सिंगल फेज मोटरच्या दुपटीच्या घरात गेला.

मोटर जुनी घेतली, हिंगणा एमआयडीसीतल्या एका मोडीत काढलेल्या मशीनवरची. १.५ एचपी, चार पोल, पूर्ण बंद बॉडी, आयपी ५५ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा), ९० फ्रेम (बॉडीचं ठरलेलं माप). फ्रेमचा फायदा असा की क्रॉम्प्टन घ्या, किर्लोस्कर घ्या, भारत बिजली घ्या, ९० फ्रेमला शाफ्ट २४ मिमीचा आणि बुडापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची ९० मिमी. उद्या मोटर बदलली तरी सांगाड्याला हात लावायची गरज नाही.

खरी गोम पुढे आहे. या आकाराची ४१५ व्होल्टची मोटर आपल्याकडे सहसा स्टारमध्ये जोडलेली येते, म्हणजे तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एका गाठीत बांधलेली. सिंगल फेजवर चालणाऱ्या ड्राइव्हमधून थ्री-फेज निघतो खरा, पण २३० व्होल्टचाच. स्टारमध्येच ठेवली तर मोटर फिरते, दाब दिला की बसते. डेल्टा केली, म्हणजे वाइंडिंगची टोकं त्रिकोणात जोडली, की तीच वाइंडिंग २४० व्होल्टला नीट बसते, कारण ४१५ भागिले १.७३ म्हणजे २४०. करंट त्याच पटीत वाढतो. माझ्या प्लेटवर २.६ अँपिअर होता, डेल्टात साडेचार धरावा लागतो. म्हणून ड्राइव्ह २ एचपीची घेतली.

टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असतील तर जोडणीच्या पत्त्या फिरवल्या की काम झालं. माझ्या मोटरला तीनच वायरी, स्टारची गाठ आत बांधलेली. बाकी वाइंडिंग ठणठणीत, म्हणून तशीच घेऊन इतवारीतल्या रिवाइंडिंगवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी कव्हर काढलं, वाइंडिंगवरचा दोरा ब्लेडने अलगद कापला, वार्निशने दगड झालेली गाठ बोटांनी चाचपून शोधली आणि सोल्डरिंगच्या गनने ढिली केली. तीन टोकं सुटी करून त्यांवर पिवळ्या स्लीव्ह चढवल्या, दोरा पुन्हा आवळला, वार्निश मारून सुकू दिलं, शेवटी मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून दाखवला. अर्ध्या दिवसाचं काम, पण जळक्या वार्निशचा वास येणाऱ्या किंवा एकदा जळून पुन्हा वाइंडिंग भरलेल्या मोटरवर हे करायला ते तयार होत नाहीत, आणि बरोबरच आहे.

वापर असा: भरड कामाला ७० ते ८० हर्ट्झ, पटाशी आणि सुऱ्यांना २० ते २५. वीस हर्ट्झला पट्टा सेकंदाला पावणेचार मीटरच्या आसपास येतो, धार हाताला जेमतेम कोमट लागते. पन्नासच्या वर गेलं की जोर कमी होतो, कारण ड्राइव्हकडे द्यायला आणखी व्होल्टेज नसतं. ऐंशीला पट्टा पळतो, पण अंगावर रेलून घासता येत नाही.

हिवाळ्यात सगळं सुरळीत. मे महिन्याने परीक्षा घेतली. प्लेटवर भोवतालचं तापमान ४० लिहिलेलं, आणि आमच्या टिनाखाली दुपारी ते केव्हाच मागे पडतं. मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर, त्यामुळे २० हर्ट्झला तो नावापुरता फिरतो. तासभर सुऱ्या लावल्या की बॉडीवर हात ठेववत नव्हता. एफ क्लास इन्सुलेशन १५५ अंशांपर्यंत तग धरतं हे खरं, तरी मागे एक वेगळा छोटा पंखा लावला, थेट विजेवर चालणारा. तेव्हापासून तक्रार नाही.

ड्राइव्ह मात्र ग्राइंडरजवळ ठेवू नका. लोखंडाचा भुगा वीज वाहतो, ड्राइव्हचा पंखा तोच आत ओढतो. माझी भिंतीपलीकडे पत्र्याच्या डब्यात आहे, फक्त वेगाचा नॉब आणि चालू-बंद बटण हाताशी. मोटर आणि ड्राइव्हच्या मध्ये स्विच घालायचा नाही, बंद करायचं ते ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवरून. एक त्रास सुरुवातीला झाला: ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (अर्थला वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) उगाच पडायचा. ड्राइव्हच्या फिल्टरमधून अर्थला थोडी गळती असतेच. इलेक्ट्रिशियनने ड्राइव्हसाठी वेगळी लाइन आणि योग्य प्रकारचा ईएलसीबी दिला, अर्थिंग तपासलं, थांबलं. अर्थिंग तोडून ईएलसीबी शांत करणारे महाभाग आहेत, त्यांना दारातून परत पाठवा.

पावसाळ्यात बेल्ट ओलसर होऊन सुटले, मोटरला काही झालं नाही.

फक्त गोल दगडाच्या बेंच ग्राइंडरवर ड्रिल आणि टूल लावणाऱ्याने या भानगडीत पडू नये. सहा इंची दगडाला दोन पोलची तयार सिंगल फेज मशीन पुरते, दगडावर लिहिलेल्या वेगाच्या वर न्यायची नाही एवढंच.

शेवटची कुरबुर आवाजाची. कमी वेगावर मोटर बारीक कुईकुई करते. ड्राइव्हमध्ये कॅरिअर फ्रिक्वेन्सी (ड्राइव्ह आतून ज्या वेगाने वीज चालू-बंद करते ती) ४ वरून १० किलोहर्ट्झ केली की आवाज जातो, पण ड्राइव्ह जास्त तापते. थंडीत १० वर ठेवतो. उन्हाळ्यात परत ४ वर, कारण कुईकुई सहन होते, भर दुपारी तापून ट्रिप झालेली, म्हणजे आपोआप बंद पडलेली ड्राइव्ह सहन होत नाही.